हात बसलेल्या डेव्हलपरला नवी जावा कशी शिकवायची?

सप्टेंबर २०२५मध्ये जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेचं नवं व्हर्जन, जावा २५, बाहेर पडलं आणि अनेक ठिकाणी रखडलेला विषय पुन्हा निघाला: आता तरी अपग्रेड करायचं का? कित्येक टीम अजून २०१४च्या जावा ८वर किंवा २०१८च्या जावा ११वर काम करतात. अपग्रेड ठरलं की पाठोपाठ ट्रेनिंगही ठरतं. दोन दिवस, एक हॉल आणि ‘जावा ८ ते २५: नवीन काय’ अशा स्लाइडचा ढीग. डेव्हलपर मन लावून ऐकतात, प्रश्न विचारतात, माना डोलावतात. तिसऱ्या दिवशी जागेवर बसतात आणि कोड मागील पानावरून पुढे चालू. कंपायलर २०२५चा, लिखाण २०१४चं.

यात कुणाचा आळस नसतो. ज्याने दहा-बारा वर्षं एका पद्धतीने उत्तम काम केलंय त्याला नवी पद्धत शिकवणं, हे नवख्याला शिकवण्यापेक्षा वेगळं काम आहे. ते वेगळं का, करायचं कसं आणि फसतं कुठे, ते इथे पाहू. उदाहरणं जावाची आहेत, कारण तिथे बदलांचा साठा मोठा आहे. पण भाषा पायथन असो वा सी शार्प, अडचण हीच येते.

## भाषा ‘अपडेट’ होते म्हणजे काय होतं?

प्रोग्रामिंगच्या भाषेला तीन थर असतात. वरचा थर व्याकरणाचा: कोणता शब्द कुठे चालतो. मधला लायब्ररीचा, म्हणजे आयत्या कामांचा साठा: यादी लावणं, तारीख मोजणं, फाइल वाचणं. खालचा रनटाइमचा, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवणारी यंत्रणा. आणि कंपायलर म्हणजे लिहिलेलं तपासून त्या यंत्रणेला समजेल अशा रूपात आणणारं साधन. अपडेट यांपैकी कोणत्याही थरात होऊ शकतं.

२०१८पासून जावाचं नवं व्हर्जन दर सहा महिन्यांनी येतं, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. पण बहुतेक कंपन्या फक्त दीर्घ काळ सपोर्ट मिळणारी व्हर्जनं घेतात: ८, ११, १७, २१, २५. त्यामुळे ८वरून थेट २५वर उडी मारणाऱ्यापुढे एकदम सतरा व्हर्जनांचे बदल येऊन पडतात.

खरी गोम पुढे आहे. जावा जुना कोड सहसा मोडत नाही. २०१४मध्ये लिहिलेला लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) आजही बिनतक्रार चालतो. भाषेचा हा मोठा गुण, आणि शिकण्याच्या आड येणारं सगळ्यात मोठं कारणही हेच. एरर आली की माणूस थांबतो, शोधतो, शिकतो. इथे एररच येत नाही.

या सतरा व्हर्जनांतले बदल तीन जातींचे आहेत, आणि ही विभागणी शिकवणाऱ्याने सगळ्यात आधी करायला हवी.

पहिल्या जातीत तेच काम थोडक्यात लिहिता येतं. जावा १०मधला ‘व्हार’ हा शब्द (लोकल व्हेरिएबलचा प्रकार कंपायलरनेच ओळखायचा) किंवा जावा १५मध्ये पक्के झालेले टेक्स्ट ब्लॉक (अनेक ओळींचा मजकूर जसाच्या तसा लिहिण्याची सोय). यांना दहा-पंधरा मिनिटं पुरतात. ‘व्हार’बद्दल एकच खाच सांगून ठेवायची: डाव्या बाजूला ‘व्हार’ आणि उजव्या बाजूला रिकाम्या कंसाची ॲरेलिस्ट (जावातली नेहमीची यादी) लिहिली, तर यादीत काय ठेवायचं ते कंपायलरला कळतच नाही आणि यादी ‘ऑब्जेक्ट’ची, म्हणजे कोणत्याही प्रकारच्या गोष्टींची, होऊन बसते.

दुसऱ्या जातीचे बदल विचाराची पद्धत बदलतात. रेकॉर्ड (जावा १६), सील्ड क्लास (जावा १७), पॅटर्न ओळखणारा स्विच (जावा २१). क्लास म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणारा साचा; बाकीचं काय ते पुढे येईल. हे तासाभरात समजतात, पण हातात यायला आठवडे लागतात.

तिसऱ्या जातीत लिहिण्यात काहीच बदलत नाही, बदलते ती पायाखालची जमीन. जावा ११मधून एक्सएमएल वाचण्याची जॅक्स-बी नावाची लायब्ररी काढून टाकली. ती आता वेगळी जोडावी लागते. जावा १७पासून भाषेच्या आतल्या क्लासमध्ये मागच्या दाराने शिरता येत नाही, त्यामुळे काही जुन्या लायब्ररी सुरू होतानाच कोसळतात. जावा १८पासून मजकुरातली अक्षरं वाचण्या-लिहिण्याची डीफॉल्ट पद्धत (वेगळं काही न सांगितल्यास लागू होणारी) सगळीकडे यूटीएफ-८ झाली. त्याआधी ती ऑपरेटिंग सिस्टिमवर ठरायची. म्हणून विंडोजवर जुन्या पद्धतीने लिहून ठेवलेली फाइल नव्या जावाने उघडली, की त्यातली साधी इंग्रजी अक्षरं नीट दिसतात आणि बाकीची विस्कटतात. उपाय सोपा आहे: फाइल वाचताना कोणती पद्धत वापरायची ते कोडमध्ये स्पष्ट लिहायचं. पण तो माहीत हवा, आणि अपग्रेडच्या आधी माहीत हवा.

दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये या तिन्ही जातींना सारखाच वेळ मिळतो. तिथेच गाडी रुळावरून घसरते.

## अनुभवच आड कसा येतो?

१९४२ साली अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने पाण्याच्या भांड्यांची कोडी वापरून केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. तीन भांडी दिली आहेत: २१, १२७ आणि ३ मापांची. बरोबर १०० मापं पाणी मोजून द्यायचं. उत्तर: मोठं भांडं भरा, त्यातून २१ काढा, मग ३-३ असं दोनदा काढा. अशीच, याच रीतीने सुटणारी काही कोडी लोकांकडून सोडवून घेतली. मग एक नवं कोडं दिलं: भांडी २३, ४९ आणि ३ची, हवीत २० मापं. बहुतेकांनी पुन्हा मोठं भांडं भरलं, त्यातून २३ काढले, मग ३-३ काढले. उत्तर बरोबर आलं. पण २३मधून एकदा ३ काढले की झालं होतं!

यापुढचं कोडं आणखी बोलकं आहे. भांडी २८, ७६ आणि ३ची, हवीत २५ मापं. इथे जुनी रीत चालतच नाही, ७६मधून २८ आणि दोनदा ३ काढले तर ४२ उरतात. साधं उत्तर समोर आहे, २८ वजा ३. तरीही जुनी रीत अंगवळणी पडलेले कित्येक जण अडकले. ज्यांनी आधीची कोडी सोडवलीच नव्हती त्यांना ते सहज सुटलं.

अनुभवी डेव्हलपरचं नेमकं हेच होतं. त्याला नवी गोष्ट समजत नाही असं नसतं. प्रश्न दिसताक्षणी जुनं उत्तर इतक्या वेगाने हजर होतं, की नव्याला दाराशी यायलाही वेळ मिळत नाही. स्वयंपाकघरातली मांडणी बदलली की काही दिवस हात जुन्याच फळीकडे जातो. डबा कुठे हलवलाय ते ठाऊक असतं, तरी जातो. कारण तो हात विचारून जातच नाही.

शिक्षणाच्या अभ्यासात याला जोडून आणखी एक गोष्ट सापडली आहे. नवख्याला उपयोगी पडणारं पायरी-पायरीचं स्पष्टीकरण जाणकाराला उपयोगी पडत नाही, कधी कधी उलट अडथळा ठरतं. स्लावा काल्युगा, जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३च्या लेखात हे सविस्तर मांडलं. जाणकाराच्या डोक्यात विषयाचा आराखडा आधीच तयार असतो. त्याला पुन्हा ‘व्हेरिएबल म्हणजे काय’पासून सांगितलं, तर ऐकलेलं आणि आधीचं यांचा मेळ घालण्यातच त्याची शक्ती खर्च होते.

म्हणून शिकवण्याचं एकक बदलायला हवं. ‘रेकॉर्ड म्हणजे काय’ असा धडा नवख्यासाठी. अनुभवी माणसासाठी धडा असा: ‘तुम्ही आजवर अमुक लिहीत होता, आता त्याच्या जागी हे, आणि अमुक ठिकाणी मात्र जुनंच बरोबर.’ जुनी सवय, तिची नवी जागा, आणि नव्याची हद्द. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय जुना हात सुटत नाही.

## काय शिकवायचं ते कोण ठरवणार?

टीमचा स्वतःचा कोड. सतरा व्हर्जनांची यादी वरून खाली वाचत बसू नका. प्रोजेक्टमध्ये साधा शोध मारा. फक्त माहिती धरून ठेवणारे क्लास किती आहेत, ज्यांत गेटर, सेटर, इक्वल्स आणि हॅशकोड (माहिती वाचणं, बदलणं, तुलना करणं अशी ठरीव कामं) यांचीच शंभर ओळींची रांग असते? ‘हा ऑब्जेक्ट अमुक प्रकारचा आहे का’ असं विचारून लगेच कास्ट करणाऱ्या (त्याला त्या प्रकारचा मानून वापरणाऱ्या) इफ-एल्सच्या साखळ्या किती? अधिकच्या चिन्हाने जोडलेल्या लांबलचक एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) ओळी किती? स्विचमध्ये ‘ब्रेक’ विसरल्याने झालेले बग गेल्या वर्षात किती नोंदले गेले? जिथे आकडा मोठा तिथे फीचर निवडा. चार-पाच पुरेत. बाकीची एका पानावर लिहून भिंतीवर लावा, लागतील तेव्हा लोक शोधतील.

‘प्रीव्ह्यू’ म्हणून आलेली फीचर शिकवायची नाहीत. प्रीव्ह्यू म्हणजे चाचणीसाठी दिलेलं, अजून पक्कं न झालेलं. वापरायला वेगळा पर्याय चालू करावा लागतो. स्ट्रिंग टेम्प्लेट नावाची सोय जावा २१ आणि २२मध्ये प्रीव्ह्यू म्हणून आली आणि जावा २३मधून चक्क काढून घेतली गेली. ज्यांनी ती कोडभर पसरवली असेल, त्यांना सगळं उपसावं लागलं असणार.

## एक ओळ, अगदी जवळून

स्ट्रीम ही जावा ८ची सोय: यादीतल्या गोष्टी गाळणं, बदलणं, गोळा करणं हे लूप न लिहिता साखळीसारखं मांडता येतं. साखळीच्या शेवटी निकाल यादीत गोळा करायला जावा ८मध्ये ‘कलेक्ट’च्या कंसात ‘कलेक्टर्स डॉट टू-लिस्ट’ असं लांबलचक लिहावं लागायचं. जावा १६पासून नुसतं ‘डॉट टू-लिस्ट’ पुरतं. स्लाइडवर याची एकच ओळ असते: ‘आता लहान झालं.’ डेव्हलपर खूश होतो आणि शोधा-बदला करून सगळीकडे नवं रूप टाकतो. कंपायलर काही बोलत नाही, कारण दोन्हींचा प्रकार सारखाच, ‘लिस्ट’.

पण जुन्या रूपातून प्रत्यक्षात साधी ॲरेलिस्ट मिळायची, जिच्यात पुढे भर घालता येई. नव्या रूपातून मिळणारी यादी बंद असते. तिच्यात काही घालायला किंवा काढायला गेलात तर प्रोग्रॅम ‘अनसपोर्टेड ऑपरेशन’ची एरर फेकतो. आणि ही एरर बदललेल्या ओळीवर येत नाही. ती येते तीन क्लास पलीकडे, जिथे कुणीतरी दुसऱ्यानेच ती यादी घेऊन तिच्यात एक नोंद वाढवली होती. तीही कदाचित फक्त महिनाअखेरीच्या रिपोर्टमध्ये. टेस्टमध्ये तो रस्ता तपासलेला नसेल तर थेट प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या वापरात, कळतं.

या एका ओळीत वीस मिनिटांचा उत्तम धडा आहे. आधी दोन्ही रूपं लिहायची. मग दोन्ही याद्यांत एक-एक नोंद घालायची. चालवण्याआधी प्रत्येकाने काय होईल ते कागदावर लिहायचं. मग चालवायचं. ज्याचा अंदाज चुकला तो ही गोष्ट विसरत नाही. आणि मग कामाचा नियम सांगायचा: परत दिलेली यादी पुढे कुणी बदलतंय का ते आधी शोधा. कुणी बदलत नसेल तर नवं रूप. बदलत असेल तर ते बदलणं खरंच हवंय का, हा प्रश्न टीमने बसून सोडवायचा, कारण पुष्कळदा तिथेच जुना घोळ दडलेला असतो.

असंच रेकॉर्डचं. रेकॉर्ड म्हणजे फक्त माहिती धरणारा, एकदा बनला की फील्ड न बदलणारा क्लास, एका ओळीत लिहिलेला. कंस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवणारा भाग), इक्वल्स, हॅशकोड, सगळं कंपायलर तयार करतो. अनुभवी माणूस यात तीन ठिकाणी ठेचकाळतो. एक, वाचण्याच्या मेथडच्या नावात ‘गेट’ नसतं. ‘गेट-नेम’ची वाट पाहणाऱ्या जुन्या लायब्ररीला त्यामुळे काहीच सापडत नाही. दोन, आत यादी ठेवली असेल तर ‘न बदलणारा’ हे अर्धंच खरं. रेकॉर्ड त्या यादीला सोडत नाही, पण यादीच्या आतलं बाहेरून बदलता येतं. कंस्ट्रक्टरमध्ये ‘लिस्ट डॉट कॉपी-ऑफ’ने प्रत करून घेतली की ते थांबतं, मात्र यादीत ‘नल’ (किंमतच नाही अशी नोंद) असेल तर तिथेच एरर येईल. तीन, जेपीएने (ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये साठवण्याची जावातली सोय) डेटाबेसशी बांधलेली एंटिटी रेकॉर्ड होऊ शकत नाही, कारण तिला रिकामा कंस्ट्रक्टर आणि बदलती फील्ड लागतात. बाहेर पाठवायच्या माहितीसाठी मात्र रेकॉर्ड फार छान बसतो.

## ‘डिफॉल्ट’ लिहिण्याची चांगली सवय नेमकी कधी घातक ठरते?

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चांगल्या डेव्हलपरची चांगली सवयच उलटते. स्विच म्हणजे रस्त्यावरचा नाका: आलेली गोष्ट कोणत्या प्रकारची ते पाहून तिला योग्य वाटेला लावायचं. शिस्तीचा माणूस वर्षानुवर्षं शिकलेला असतो की शेवटी ‘डिफॉल्ट’ लिहायचंच, म्हणजे अनोळखी काही आलं तरी सांभाळलं जाईल.

सील्ड प्रकारात आपण कंपायलरला आधीच सांगून ठेवतो: पेमेंट तीनच प्रकारचं, कार्ड, बँक ट्रान्सफर आणि वॉलेट. या तिघांवर स्विच लिहिला आणि ‘डिफॉल्ट’ लिहिलं नाही, तर तिन्ही आलेत की नाहीत ते कंपायलर तपासतो. वर्षभराने कुणी चौथा प्रकार वाढवला, हप्त्यांचा, की प्रोजेक्टमधले असे सगळे स्विच कंपाइल व्हायचे थांबतात आणि कुठे-कुठे बदल हवेत त्याची यादी आयती समोर येते. पण शिस्तीच्या माणसाने सवयीने ‘डिफॉल्ट’ टाकलं असेल, तर कंपायलर समाधानी होऊन गप्प बसतो. चौथा प्रकार ‘डिफॉल्ट’च्या वाटेने जातो आणि चुकीचा हिशेब होतो. फीचर वापरलं, पण त्याचा फायदा एका ओळीने गेला.

इथे ‘डिफॉल्ट नको’ एवढंच सांगून भागत नाही. सगळ्यांसमोर चौथा प्रकार वाढवून दाखवा, एकदा ‘डिफॉल्ट’सह आणि एकदा त्याशिवाय. कंपायलरची लाल रेघ स्वतःच्या स्क्रीनवर दिसली की वेगळं पटवावं लागत नाही. आणि हद्दही सांगा: प्रकार बाहेरच्या सिस्टिमकडून मजकूर किंवा आकडा म्हणून येत असतील, तर ‘डिफॉल्ट’ हवंच.

## व्हर्च्युअल थ्रेड: सगळ्यात खोल रुजलेली सवय

थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममध्ये एक काम सलग करत राहणारा धागा. खिडकीवरच्या कर्मचाऱ्यासारखा तो समजा. जुन्या पद्धतीत एका कर्मचाऱ्याकडे एक अर्जदार. आतल्या कपाटातून फाइल यायला वेळ लागला तर कर्मचारी हात बांधून उभा. असे कर्मचारी महाग, प्रत्येकासाठी ऑपरेटिंग सिस्टिमचा थ्रेड आणि साधारण एक एमबी जागा राखून ठेवावी लागते. म्हणून सगळ्यांनी एक शहाणपण अंगी बाणवलं: ठरावीक, समजा २००, थ्रेडचा पूल करा आणि तेच फिरवून वापरा.

जावा २१मधल्या व्हर्च्युअल थ्रेडमध्ये अर्ज स्वतःच हलका होतो. फाइल येईपर्यंत तो बाजूला सरकतो आणि कर्मचारी पुढचा अर्ज घेतो. खरे कर्मचारी साधारण प्रोसेसरच्या कोअरइतकेच, अर्ज मात्र हजारोंनी. अनुभवी माणूस हे ऐकतो, पटतंही, आणि मग व्हर्च्युअल थ्रेडचाच २००चा पूल करतो. जुनं शहाणपण! पूल महाग गोष्टीचा करायचा असतो. इथे प्रत्येक कामाला नवा थ्रेड काढायचा आणि काम संपलं की सोडून द्यायचा.

पण पूल काढला की दुसरीच गोष्ट उघडी पडते. तो २००चा आकडा नकळत डेटाबेसचं रक्षण करत होता. आता दहा हजार कामं एकदम डेटाबेसकडे धावतात, तिथे कनेक्शन वीस, आणि बाकीची रांगेत उभी राहून टाइमआउट होतात. जिथे खरोखर मर्यादा हवी तिथे सेमाफोर लावायचा, म्हणजे एका वेळी ठरावीक जणांनाच आत सोडणारी पासांची व्यवस्था. मर्यादा थ्रेडवर नको, टंचाई ज्याची आहे त्यावर.

आणखी दोन खाचा. जावा २१मध्ये ‘सिंक्रोनाइझ्ड’ ब्लॉकच्या आत वाट पाहणारा व्हर्च्युअल थ्रेड खऱ्या थ्रेडला अडकवून ठेवतो. असे अनेक अडकले की सगळं थबकतं. हे जावा २४मध्ये सुधारलं, त्यामुळे ८ किंवा ११वरून निघालेल्यांनी शक्य असेल तर २१वर न थांबता २५ गाठावी, असं माझं मत आहे. आणि दुसरं: वाट पाहण्याचं काम असेल तरच फायदा. आकडेमोडीने प्रोसेसर आधीच पूर्ण गुंतला असेल, तर थ्रेड कितीही वाढवा, वेग वाढणार नाही.

## सत्र कसं घ्यायचं?

एक सत्र, एक फीचर, पंचेचाळीस मिनिटं, पाच-सहा जण. पहिली पाच मिनिटं टीमच्याच कोडमधला जुना तुकडा पडद्यावर. पुढची दहा त्याचं नवं रूप, आणि चालवण्याआधी प्रत्येकाचा कागदावर अंदाज. हे कागद कुणी गोळा करायचे नाहीत. पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला ज्युनिअरसमोर चुकण्याची भीती असते, आणि ती भीती गेली नाही तर तो अंदाज करणारच नाही. नंतरची पंधरा मिनिटं प्रत्येकाने आपल्या मोड्यूलमधली एक जागा स्वतःच्या मशिनवर बदलायची. पुढची दहा मोडतोडीची: मुद्दाम चुकीचं लिहायचं आणि एररचा मजकूर मोठ्याने वाचायचा, म्हणजे पुढे तो दिसला की ओळखता येईल. शेवटची पाच ‘कुठे वापरायचं नाही’ याला. हा शेवटचा भाग टीममधल्या सगळ्यात अनुभवी माणसाकडे द्या. हद्द ओळखण्याचं काम त्याच्याइतकं चांगलं कुणी करणार नाही, आणि त्याचा अनुभव अडथळा न राहता कामाला लागतो.

छोट्या प्रयोगांसाठी जावा ९पासून येणारं जे-शेल वापरा. एक ओळ लिहायची, लगेच उत्तर; प्रोजेक्ट उघडायची गरज नाही.

आठवड्याने पाच मिनिटं काढा. रिकामी फाइल उघडून, काही न बघता तेच पुन्हा लिहायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात ज्या विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, ते पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र न बघता आठवून काढणारे पुढे गेले. ट्रेनिंगच्या दिवशी ‘सगळं समजलं’ असं वाटण्यावर विश्वास का ठेवू नये, ते यातून दिसतं.

पुढचे दोन आठवडे कोड रिव्ह्यूमध्ये (सहकाऱ्याचा कोड तपासताना) याच एका फीचरबद्दल शेरे द्यायचे, बाकी फीचरबद्दल नाही. पाच फीचरचे पाच शेरे एकदम आले की माणूस वैतागतो आणि जुन्याकडे परततो. मग पहिले पाढे पंचावन्न.

## ‘जुना कोड चालतोय, मग कशाला?’

रास्त प्रश्न आहे. चालणारा कोड केवळ नवं आलं म्हणून बदलू नका. काही कारणाने ती फाइल उघडलीच असेल तेव्हाच तिथलं बदला. पण टीम एकटी राहत नाही. जावात वेब-सेवा बांधण्यासाठी खूप वापरलं जाणारं स्प्रिंग बूट, त्याचं व्हर्जन ३ नोव्हेंबर २०२२मध्ये आलं, आणि त्याला किमान जावा १७ लागते. लायब्ररी पुढे गेल्या की त्यांची उदाहरणं, त्यांचा कोड नव्या पद्धतीचाच येतो. लिहायचं नसलं तरी वाचावं लागणारच.

## ‘नवी पद्धत वाचायला अवघड आहे’

काही ठिकाणी हे खरंच आहे. सात-आठ पायऱ्यांची स्ट्रीम, तिच्या आत दुसरी स्ट्रीम, असं लिहिण्यापेक्षा साधा लूप केव्हाही बरा. मधूनच बाहेर पडायचं असेल किंवा चेक्ड एक्सेप्शन (जी सांभाळायला कंपायलर भाग पाडतो अशी एरर) सांभाळायची असेल तर लूपच ठेवा. पण ‘अवघड’ आणि ‘अनोळखी’ यांत फरक आहे, आणि तो तीन-चार आठवडे वापरल्याशिवाय कळत नाही. तोवर निकाल देऊ नका.

काही गोष्टी मात्र सोप्या दिसतात आणि फसवतात. ‘ऑप्शनल’ म्हणजे किंमत असेल किंवा नसेल असं सांगणारं पाकीट. त्यातलं ‘ऑर-एल्स’ आतलं पर्यायी काम दर वेळी करतं, किंमत असली तरीही. ते काम डेटाबेसची क्वेरी असेल तर दर वेळी फुकटची क्वेरी. तिथे ‘ऑर-एल्स-गेट’ हवं.

## ‘एआय लिहून देतं की’

देतं. पण जगात साठलेला पुष्कळसा कोड जुन्या पद्धतीचा आहे, त्यामुळे व्हर्जन सांगितलं नाही तर उत्तरही बरेचदा जुन्या पद्धतीचं येतं. सांगितलं तर नवं येईल, पण ‘टू-लिस्ट’ची बंद यादी तिथे चालेल का, स्विचमधलं ‘डिफॉल्ट’ काढायला हवं का, हे रिव्ह्यू करणाऱ्यालाच ओळखावं लागतं. कंपायलर तिथे गप्प असतो.

## ‘टूल लावून सगळा कोड एकदम बदलून टाकू’

तिसऱ्या जातीच्या बदलांसाठी जरूर लावा. ओपनरीराइटसारखी टूल लायब्ररीची नावं, आयात, बिल्डच्या फाइल यांत्रिकपणे बदलतात आणि ते काम माणसाने करूही नये. जेडेप्स आणि जे-डेप्र-स्कॅन ही जावाबरोबरच येणारी टूल, आतल्या क्लासवर किंवा कालबाह्य मेथडवर कोण अवलंबून आहे ते दाखवतात. अपग्रेडच्या पहिल्याच दिवशी ती चालवा. फक्त यांत्रिक बदल आणि माणसाने केलेले बदल एकाच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात) मिसळू नका. हजार ओळींच्या गर्दीत खरी चूक हरवते. दुसऱ्या जातीचे बदल मात्र टूलकडे देऊ नका. कोड नवा होईल, तो सांभाळणारे जुनेच राहतील, आणि स्वतःच्याच कोडमध्ये परके होतील.

## ‘एवढा वेळ कुठे आहे?’

पाच फीचर, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने, म्हणजे दहा आठवडे. पंचेचाळीस मिनिटांची पाच सत्रं आणि पाच-पाच मिनिटांच्या पाच उजळण्या मिळून चार तास दहा मिनिटं. दोन दिवसांच्या ट्रेनिंगला सोळा तास जातात.

## शिकलं की नाही, कसं कळेल?

कोडमध्ये किती रेकॉर्ड आले ते मोजू नका. मोजायला लागलात की नको तिथेही रेकॉर्ड उगवतील. तीन महिन्यांनी प्रत्येकाला तीन तुकडे रिव्ह्यूला द्या. एकात नवं फीचर योग्य जागी वापरलेलं, दुसऱ्यात चुकीच्या जागी, आणि तिसऱ्यात जुनीच पद्धत, जी तिथे बरोबर आहे. कुठला कुठला ते सांगायचं नाही. दुसऱ्या तुकड्यात ‘इथे रेकॉर्ड नको, ही डेटाबेसची एंटिटी आहे’ असा शेरा आला आणि तिसरा तुकडा हात न लावता पास झाला, तर त्या माणसाकडे पुढच्या फीचरचं सत्र घ्यायला द्या.